लविनाकडचं अडकलेलं नाव

उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींच्या ओश्वेकन गावात कासव कुळातल्या कुणाला बाळ झालं की पहिला फोन लविना हेनहॉकला. आईच्या मागे तीच कुळमाता. कुळाची सगळी नावं तिच्या डोक्यात. कुठलं बाळाला द्यायचं, कुठलं माणूस मोठं झाल्यावर, कोण गेल्याने कुठलं मोकळं झालं, सगळं तिला तोंडपाठ. एका नावाचा एका वेळी एकच जिवंत माणूस. "निर्माता त्याच नावाने हाक मारतो," ती म्हणते. "दोघांनी एकदम ओ दिली तर त्याने काय करायचं बिचाऱ्याने?"

बाकी बाई साधी. जन्मभर शाळेची बस चालवली, आता गुडघे कुरकुरतात. मका राखेच्या पाण्यात उकळून, टोपलीत घोळवून त्याची सालं काढावीत तर तिनेच. जाळीदार काठ्यांनी खेळायच्या लॅक्रॉसच्या सामन्याला तिच्या सुपाचं पातेलं पहिल्या विश्रांतीलाच खरवडून साफ होतं. तोंड मात्र असं फटकळ की विचारू नका.

आणि एक हट्ट. तिच्या मामाचं नाव, 'दोन टेकड्या ओलांडणारा', मामाला जाऊन जमाना झाला तरी ती कुणालाच देईना. कितीजणी आपल्या मुलांसाठी मागून गेल्या.

"ते मोकळं नाही."

"अगं मावशी, मामा कधीच गेले ना!"

"गेले असतील. मोकळं नाही म्हटलं ना? सूप घे."

यंदा हिवाळ्यातल्या सणाला भाचीची लेक टॅनिस आपलं बाळ घेऊन आली, तेव्हा लविनाने मन घट्ट केलं आणि बाळाला 'पाण्याकडे धावणारा' हे नाव दिलं. ते वेंडेलचं नाव. वेंडेल तिच्या मावशीचा मुलगा, म्हणजे आमच्या हिशेबाने सख्खा भाऊच. अठराव्या वर्षी आपल्या आईशी भांडून लोखंडी पुलांच्या कामावर गेला. पुढच्याच वर्षी निरोप आला, पुलावरून पडला, नदीने नेला. त्याचं दहावं घातलं, रीतीप्रमाणे त्याच्या वस्तू वाटल्या. पण त्याचं नाव हातचं सोडायला लविनाला चाळीस वर्षं लागली. त्या दिवशी ती घरी येऊन पोटभर रडली.

आणि उन्हाळ्यात, कोवळ्या कणसांच्या सणाला चार दिवस उरले असताना, तिच्या अंगणात पांढऱ्या केसांचा एक माणूस येऊन उभा राहिला.

"ताई, सूप आहे का?"

लविनाच्या हातातला डाव खाली पडला. "मेल्या! जिवंत आहेस तू?"

पडला तो दुसराच वेंडेल होता. "मला नंतर कळलं, तुम्ही मला मेलेला समजता ते," तो मान खाली घालून म्हणाला. "भांडून गेलो होतो. कुठल्या तोंडाने परत येऊ? मग वर्षं गेली."

"आणि आम्ही इथे तुझं दहावं घातलं, गाढवा!"

"काय काय केलं होतं?"

"सूप. तळलेली भाकरी. ॲपल पाय."

"बरं होतं की. माझी लॅक्रॉसची काठी कुणाला दिली?"

"एल्वुडला."

"त्या एल्वुडला? त्याला कधी चेंडू झेलता आलाय का?"

"नवरा आहे तो माझा."

"अरे देवा. काठीबरोबर तूही गेलीस?"

दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग लविनाने एकदम कपाळावर हात मारला. नाव! जिवंत माणसाचं नाव तिने बाळाला देऊन टाकलं होतं. कुळमातेने याहून मोठी चूक ती काय करायची?

बातमी वाऱ्यासारखी पसरली. संध्याकाळी टॅनिस बाळाला कडेवर घेऊन आली, आणि आल्या आल्या तिला रडूच फुटलं. "काढून घेणार का गं आजी? आता कुठे तो त्या नावाला वळून बघायला लागलाय."

"नाव ज्याचं, त्याला विचार," लविना म्हणाली. दुसरं काही म्हणायची तिला सोयच नव्हती.

वेंडेलने बाळाकडे पाहिलं. बाळाने त्याचं बोट धरलं आणि सरळ तोंडात घातलं.

"राहू दे त्याच्याकडेच," तो म्हणाला. "म्हातारा झालो, पाण्याकडे कुठला धावतो मी आता? पण ताई," त्याचा आवाज बारीक झाला, "वर गेलो तर निर्मात्याने मला हाक कशी मारायची गं? बिननावाचा जाऊ का मी?"

"साठीला आलास आणि पोरवयाचं नाव लावून हिंडतोस, लाज नाही वाटत?" लविना डाफरली. "सणाला वेळेवर ये. आणि केस कापून ये."

सणाच्या दिवशी लांबघर, आमचं विधींचं सभागृह, गच्च भरलं होतं. लविनाने कुळाच्या पुढाऱ्याच्या कानात नाव सांगितलं. पुढाऱ्याने वेंडेलचा दंड धरला आणि गात गात त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. बाकांवरचे पुरुष "हे, हे" करत ठेका धरत होते, आणि टॅनिसच्या मांडीवरचा छोटा 'पाण्याकडे धावणारा' पाय झाडत होता. मग पुढाऱ्याने नाव उच्चारलं. 'दोन टेकड्या ओलांडणारा.'

वेंडेलचे पाय जागीच थबकले.

नंतर जेवणाच्या रांगेत तो वाडगा घेऊन तिच्यासमोर आला. "मामाचं नाव. हे तुझ्याकडे कधीपासून होतं?"

"तू गेलास त्याच उन्हाळ्यात माझी आई तुला देणार होती."

"मग तिच्यामागे तू का नाही दिलंस कुणाला? मी मेलो होतो ना!"

लविनाने डाव पातेल्याच्या तळापर्यंत नेला, मका वर काढला आणि त्याचा वाडगा काठोकाठ भरला.

"मोकळं नव्हतं," ती म्हणाली. "सूप घे."