झाडाला झोपू द्या

माझ्यासारख्या दूर दिलेल्या लेकींनो, आणि घाटनांदुरातच राहिलेल्यांनो, एक सांगते.

हैदराबादला नांदायला निघाले तेव्हा दाराशी बैलगाडी उभी होती. ओटी भरता भरता आई कानाशी लागली, "तिकडं कुनी ऐकंना झालं, तर मंगळवारी केस सोड. माझ्या अंगात कंदीच काई आलं न्हाई गं." आणि गाडी हलली. अगं आई गं! जिच्यापुढं मी दर मंगळवारी डोकं टेकवलं, ती देवी म्हणजे नुसती आमची आईच? परभणीच्या ठेसनापर्यंत मनात तेवढंच घोळत राहिलं.

आमची आजी भ्रमिष्ट झालेली. दिवसभर शिव्या, अंथरुणातच घाण. सगळं आई काढायची. त्यात प्लेगात थोरला भाऊ गेला आणि धाकट्या नामाची वाचाच बसली. "सोंग करतो का बे? बोल की!" म्हणून आबा, आमचे वडील, त्याला बडवायचे. आई म्हणायची, "मारू नका वो, मी बी दमले." कोण ऐकतंय? पालथ्या घड्यावर पाणी!

पण मंगळवारी ती केस सोडून घुमायला लागली की तेच आबा हात जोडून उभे. अंगात येतं त्या माणसाला आमच्याकडं झाड म्हणतात. देवी गरजायची, "माझं झाड दमलंय. आज झाडाला झोपू द्या! लेकराला हात लावाल तर बघा!" मग चूल चुलती पेटवायची, आजीला आबा भरवायचे, नामाला मांडीवर घेऊन बसायचे. होता होता एक दिवस नामा "पानी" म्हणाला. गावानं देवीची ओटी भरली.

हैदराबादेत माझी सासू लकव्यानं पडली, माझ्या पदरात तान्हं. मोहल्ल्यात ओळख ना पाळख. एका मंगळवारी मीही केस सोडले. घुमणार, तोच हे म्हणाले, "काय झालं गं? डोळे किती खोल गेलेत तुझे." मी भोकाडच पसरलं. यांनी तान्हं उचललं आणि मला म्हणाले, "नीज जरा." एवढं सोपं असतं?

माहेरी गेल्यावर आईला हे सांगितलं. ती डोळे फाडून बघत राहिली.

"देवीबिगर?"

"देवीबिगर. तूही आबांना सांगून बघ की."

"नको बाई. माझा आवाज वळखायचे न्हाईत ते."

असा संताप आला मला, आबांचा, अख्ख्या गावाचा! आता माहेरी जाते ती सणाला नाही, देवळाला नाही. आईपाशी बसून एवढंच विचारायला जाते, "दमलीस का गं?"

ती आधी दाराकडं बघते. मग हळूच म्हणते, "लई."