वाळूवर चढलेलं जहाज

मी समुद्र अजून पाहिलेला नाही. घरातला कॉलेजात जाणारा पहिला मुलगा, एवढ्या भांडवलावर जहाजाबद्दल लिहायला बसलोय. जाणत्यांनी हे धाडस पोटात घालावं.

दादा नौदलात लागला तेव्हा परेडला आम्हालाही बोलावणं होतं. पण बाबा जालन्यात सळयांच्या कारखान्यात भंगार उतरवतात. त्यांना सुट्टी मिळाली नाही. त्यामुळे दादाला गणवेशात आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. सुट्टीवर तो साध्या शर्टात यायचा.

त्याची सोयरीक भोकरदनकडच्या एका घरी ठरत आली होती. मुलीच्या भावाला जहाज बघायचं होतं, म्हणून दादाने त्याला आणि आम्हालाही मोबाइलवर फोटो पाठवला. जहाज वाळूवर चढलेलं, समोरचं तोंड उघडं, आतून एक ट्रक बाहेर येत होता.

बाबांनी फोटो लांब धरून पाहिला.

"हे तोडायला काढलंय. तोडायचं जहाज असंच वाळूवर चढवतेत, ट्रकवाले सांगतेत ना. त्याचेच पत्रे येतेत आमच्याकडं."

"मंग दादा तिथं काय करून राह्यला?" मी विचारलं.

"पत्रे कापत असंल."

भरतीच्या नावावर फसलेली पोरं आमच्या गावातही होती. दादाला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. गेल्या सुट्टीत त्याच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. इंजिनाचा पाइप लागला म्हणाला होता. आता मला तो पाइप खरा वाटेना.

मध्यस्थ आमचा मामा. तो विचारायला आला, "दाजी, हो कळवू का?"

"थांब. खोटं सांगून दुसऱ्याची लेक आणायची न्हाई."

"मंग काय सांगू? पोरगा समुद्रात हाये का भंगारात?"

"काहीच सांगू नको."

मामाने काहीच सांगितलं नाही.

बऱ्याच दिवसांनी दादाचा फोन आला. जहाज सरावाला गेल्तं, मोबाइल जमा करून घेतले होते. मी चाचरत फोटोचं विचारलं. तो इतका हसला की बाबांनाही ऐकू गेलं.

"अरे, मुद्दामच चढवतेत! ह्या श्रेणीतली सगळी जहाजं त्याच्यासाठीच बांधलेली. बंदर नसलं तरी थेट किनाऱ्यावर रणगाडे उतरवायचे. येतानाच मागं खोल पाण्यात नांगर टाकून ठेवायचा, अन् त्याची साखळी ओढत परत निघायचं."

बाबांनी फोन हिसकावला. "परत निघतं?"

"निघतं, बाबा. तोंडाचं दार मीच चालवतो."

"आमच्याकडं आलेलं एकबी परत गेलं न्हाई," बाबा म्हणाले आणि डोळे पुसले. मग लगेच मामाला फोन लावून म्हणाले, "हो सांग त्यांना, जल्दी जा."

संध्याकाळी मामाचा निरोप आला. जहाजाबद्दल मुलीकडच्यांना कसलीच शंका नव्हती. आम्ही इतके दिवस गप्प, म्हणजे मुलीचीच चौकशी करतोय, असा त्यांचा समज झाला. त्यांनी तिची सोयरीक अंबडकडे पक्की केली होती.