कांडी डब्यात पडली तो बुधवार

माझी मुलगी उज्ज्वला चार वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी सप्तशृंगीच्या गडावर जाऊन मी नवस बोललो होतो, की ही बोलू लागली की तिला घेऊन येईन आणि तुझी ओटी भरीन. नवस बोलून सुरतेला परतलो आणि वर्षभर स्वस्थ बसलो. लोकांना वाटे, माझी केवढी श्रद्धा. ती श्रद्धा नव्हती, आळस होता. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

आम्ही तेव्हा कतारगामला राहत होतो. खोलीची मागची भिंत आणि लूमच्या खात्याची, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याची, भिंत एकच. माझे वडील, आप्पा, ऐन तरुणपणी खानदेशातून येऊन त्याच खात्यात कारागीर झाले. त्या आवाजात त्यांचे कान गेले आणि त्या पगारावर मी तालुक्याच्या गावी शिकून बी.ए. झालो, इथल्या मराठी शाळेत मास्तर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर.

लूम चालू असताना आवाज काढून बोलणं फुकट असतं. म्हणून कारागीर ओठ हलवून, हातांनी खुणा करून बोलतात. आमच्या घरातही तीच रीत. जेवायला ये, दार लाव, पाणी दे, सगळं ओठांनी आणि बोटांनी. उज्ज्वलाला ते सगळं कळे. कामाची पाळी सुरू होऊन लूम धडधडले की ती लगेच भिंतीकडे वळून बघे. म्हणून तिच्या कानांची शंका कोणालाच आली नाही. आमच्यात मुलं उशिराच बोलतात, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. वर्गातल्या पन्नास मुलांत कोणाचं लक्ष कुठे आहे हे मला बसल्या जागी कळायचं, आणि घरातलं मूल मला ओळखता आलं नाही.

एकदा ती खेळता खेळता गल्लीतून रस्त्याकडे धावली. समोरून टेम्पो येत होता. मी बेंबीच्या देठापासून हाका मारल्या, ती थांबली नाही. कशीबशी दंडाला धरून ओढली आणि भर गल्लीत तिच्या थोबाडीत मारली. ऐकू येत नाही का, असंही ओरडलो. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आता मी काय म्हणतो ते समजून घ्यायला. आप्पा खात्याच्या दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "पोरले कसाले मारस?"

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी एक बाई आली. बुधवार होता. बुधवारी आमच्या भागाची वीज बंद असे, लूम थांबत आणि गल्ली ओळखू येणार नाही इतकी शांत होई. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई उंबऱ्यात टोपली उतरवून बसली. बायको जुन्या साड्या दाखवत होती, बाई त्यांना नावं ठेवत होती, ही साडी तर तुझ्या सासूनेही नेसून टाकली असेल म्हणत होती. उज्ज्वला वाशाला टांगलेल्या झोळीत आमच्याकडे पाठ करून बसली होती. तेवढ्यात बाईच्या हातून मोठं पातेलं निसटलं आणि फरशीवर आदळलं. माझ्या हातातला चहा सांडला. झोळी हललीसुद्धा नाही.

बाईने पातेलं उचललं आणि मुद्दाम पुन्हा आपटलं. मग साड्या बाजूला सारून मला म्हणाली, "भाई, आना कान बतावो. सांभळती नथी." हिचे कान दाखवून घ्या, हिला ऐकू येत नाही.

बायको चिडली. लूम सुरू झाले की बरोबर बघते की, म्हणाली. बाईने आपला तळवा जमिनीवर टेकवून दाखवला. "ए तो पगथी सांभळे छे, बेन." ती पायांनी ऐकते. फरशीची थरथर तिच्या पायांना कळते, आणि झोळीत पाय अधांतरी होते. बाईचा स्वतःचा मुलगा तसाच होता. सरकारी दवाखान्यात कानाचा विभाग कुठल्या मजल्यावर आहे, सकाळी किती वाजता रांगेत उभं राहायचं, सगळं तिने सांगितलं. पोचा आलेलं ते पातेलं आम्हाला देऊन ती गेली. त्या गल्लीत ती आधी कधी आली नव्हती, नंतरही आली नाही.

तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांच्या नसा फार कमजोर आहेत, ऑपरेशनने हे सुधारत नाही, मशीन लावून ऐकायला शिकवावं लागेल. मग कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "दोन वर्षं आधी आणायला हवी होती." त्या दोन वर्षांतलं एक माझ्या नवसाचं होतं.

छातीवर डबी, तिच्यातून कानापर्यंत वायर, असं मशीन मिळालं. घरी आणून सुरू केलं आणि तिने आयुष्यात पहिला आवाज ऐकला तो लूमचा. किंचाळून तिने वायर ओरबाडली. ती खोली सोडावी लागली. डिंडोलीला, जिथे तेव्हा मागे शेतं होती, एक खोली घेतली. आप्पा रोज तिथून सायकलने कतारगामला जात. मागच्या ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू येत नसे. ते परत येईपर्यंत आमचा जीव टांगणीला असे.

दवाखान्यातल्या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, तोंड झाकून बोला, ओठ दिसले तर ती ऐकणार नाही, नुसती बघेल. बायको पदर तोंडावर धरून बोले, आणि मुलगी पदर ओढून काढी. आवाज आला की हातातली वस्तू डब्यात टाकायची, असा एक सराव होता. आप्पांनी खात्यातून सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणल्या. तिच्या पाठीमागे आम्ही घंटी वाजवायचो आणि ती कांडी हातात घेऊन बसून राहायची. पाच महिने गेले. बायको देवीच्या तसबिरीसमोर बसायचीच बंद झाली.

मग एका बुधवारी, आप्पाही खातं बंद म्हणून घरी होते, मीही थकलो होतो. बरी कर, बोलती कर, असं काहीच मागावंसं वाटेना. आई, ही तुझी, असं मनात म्हटलं आणि सवयीने घंटी हलवली. डब्यात कांडी पडली. पुन्हा वाजवली, पुन्हा पडली. बायकोने पदर तोंडात कोंबला. आप्पांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं, ते आमच्या तोंडांकडे बघत होते. उज्ज्वलाने उठून त्यांच्या हातात एक कांडी ठेवली.

ती सातव्या वर्षी तुटक बोलू लागली. आजही तिचं बोलणं अनोळखी माणसाला दोनदा विचारावं लागतं. वाया गेलेली वर्षं परत आली नाहीत आणि तिच्यावर उठलेला माझा तो हात मी विसरलेलो नाही. पण नुसत्या वाट बघण्याला मी समर्पण म्हणत होतो, ती चूक देवीने एका परक्या बाईच्या हातून पातेलं पाडून दाखवली, असं मी मानतो. त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

ओटी भरायला आम्ही सगळे गडावर गेलो. तिथली मूर्ती मान कलवून, एक हात कानाशी नेऊन उभी आहे. उज्ज्वला बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि आपल्या बोबड्या आवाजात तिने विचारलं, "ती काय ऐकते?"

आप्पांनी तिच्या ओठांवरून प्रश्न ओळखला. ते तिच्यासमोर वाकले आणि खात्यात बोलतात तसे, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाले, "तुले."

उज्ज्वलाशी बोलताना चेहरा समोर लागतो. तेव्हापासून देवीपुढेही मी डोळे मिटत नाही.