वारुळावरची कात

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. माझा मुंगीच्या पावलानं आला आणि जायचं नावच घेईना. आधी कोपरावर एक लाल चट्टा, मग गुडघे, पाठ, डोकं. त्यावर पांढऱ्या खपल्या. काळं लुगडं नेसायची सोय राहिली नाही. खांद्यावर पीठ सांडल्यासारखं दिसायचं. थंडीत तळहातांना भेगा पडायच्या, भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. म्हणून माझी चूल सुटली. मग ताट वेगळं झालं. याला सोरायसिस म्हणतात, हे मला म्हातारपणी कळलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. हे कोड नाही, महारोग नाही, एकाचं दुसऱ्याला बिलकुल लागत नाही, असं अंबडच्या हकिमानं माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. नवऱ्याला पटलंही, पण घरात त्याला विचारतो कोण! सासूबाईंचं निदान आधीच झालं होतं. माझ्या लग्नाच्या वर्षी आमच्या नांगराखाली एक नाग मेला होता. तोच आता माझ्या अंगात शिरून कात टाकतो आहे, असं त्यांचं म्हणणं.

रोज सकाळी माझ्या अंथरुणातल्या खपल्या त्या सुपात झाडून घ्यायच्या आणि बांधावरच्या वारुळावर नेऊन ठेवायच्या. "ज्याचं त्याला पोचतं करून राह्यले," म्हणायच्या. मला संताप यायचा. एकदा भर दुपारी मी एकटीच तिथं गेले. वारुळाच्या तोंडाशी माझ्या खपल्यांचा थर साचला होता. वारा सुटलेला असून तो हलत नव्हता. शेजारी सापाची ताजी कात पडली होती. मी खपल्या आणि कात, दोन्ही बोटांनी चाचपून पाहिल्या. कोरडेपणा सारखाच. त्या दिवसापासून आडवी झाले की अंगाखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं. खपल्याच त्या, दुसरं काय असणार! तरी मी उठून बघायचे.

माझी चार वर्षांची लेक सासूबाईंजवळ झोपायची. ताट वेगळं राहू द्या, पोर तेवढी माझ्या कुशीत द्या, म्हणून मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "पंचमी होऊ दे. नागोबा निघून गेला, मंग पोरगी तुझीच हाय." बाई वाईट नव्हती, भ्यालेली होती.

नागपंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. बायका दूध-लाह्या घेऊन वारुळाला गेल्या. मला कुणी नेलं नाही. परतल्या तेव्हा सगळ्या अंगणातच थांबल्या. लेक एकटी माझ्या खोलीच्या दारात आली. तिनं दुधाची वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि हात जोडले. बघत होती माझ्याकडे, पण बोलत होती भलत्याच कुणाशी तरी.

"दूध पी," ती म्हणाली, "अन् माझ्या आईला सोड."

अगं, आई मीच आहे, असं ओरडावंसं वाटलं. तिच्यामागे बायका श्वास रोखून उभ्या होत्या. मी वाटी उचलली आणि सगळं दूध प्याले. दुसरं काय करणार होते?

"आई, आलीस का?" तिनं विचारलं.

"आले गं बाळा," म्हणत मी हात पुढे केले.

तिनं त्या हातांकडे निरखून पाहिलं. मग आजीकडे वळून ती हळूच म्हणाली, "न्हाई आली."