चाचणीपुरती वाटणी

आमच्या घराची वाटणी एका रविवारी सकाळी आठ वाजता सुरू झाली आणि दुपारी तीन वाजता रद्द झाली. दोन्ही वेळा कारण मीच होतो.

साताऱ्यातल्या एका संस्थेत मी सर्वेक्षणाचं काम करतो. शेतकरी कुटुंबं पाणी कसं वापरतात, याची माहिती आम्ही गावोगाव गोळा करणार होतो आणि तिची प्रश्नावली मी एकट्याने तयार केली होती. (माझं पहिलंच स्वतंत्र काम! बायकोपेक्षा मी त्या कागदांकडे जास्त बघत होतो, असं बायकोचं म्हणणं.) सोमवारी ती छापायला जाणार होती. संस्थेतल्या मॅडम म्हणाल्या, "आधी दहा अनोळखी घरांत विचारून बघा. कुठे अडतंय ते कळेल."

अडायला काय झालंय? आणि अनोळखी घरं म्हणजे अनोळखी कुत्री! त्यापेक्षा पलूसजवळ आमचं गाव आहे, गावात घर आहे, घरात आई, आबा, दादा आणि वहिनी आहेत. चौघांना वेगवेगळं गाठलं की चार घरं झाली. उरलेली सहा शेजारीपाजारी उरकायची, असं ठरवून मी शनिवारी गावी गेलो.

चाचणीचे नियमही मीच लिहिले होते. प्रत्येकाला एकट्याला विचारावे. कारण सांगून उत्तरावर प्रभाव टाकू नये. एकाचे उत्तर दुसऱ्याला कळू देऊ नये. विचारताना चेहऱ्यावर कोणताही भाव आणू नये. वाचून मला माझंच कौतुक वाटलं होतं.

सुरुवात वहिनींपासून केली. त्या भाकरी थापत होत्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी हळूच विचारलं, "या घरात चूल एकच आहे, की वेगवेगळ्या?"

थापटणारा हात थांबला. "एकच की. का वो भावजी?"

"वर्षभरात त्यात काही बदल होईल, असं वाटतं?"

"आवं, पर झालंय काय?"

"काही नाही. आणि हे दादाला सांगू नका," असं म्हणून मी निघालो.

दादा गोठ्यात होता. "जमीन कुणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"आबांच्या."

"वाटेकरी किती?"

"दोन. मी आन तू."

"विहीर कुणाच्या वाट्याला?"

"हीर सामायिक हाय. तुला म्हाईत न्हाई व्हय रं?"

"मला माहीत आहे, पण तू सांग."

दादाने वैरणीची पेंढी खाली ठेवली आणि माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधू लागला. तिथे काहीच नव्हतं. (नियम चौथा!)

मग आबा. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आबा ओसरीवर पेपर वाचत होते.

"घरातले महत्त्वाचे निर्णय कोण घेतं?"

"आजपातूर म्या घेतलं."

"आणि तुमच्यानंतर?"

आबांनी पेपराची चार वेळा घडी घातली. "म्या अजून हाय गड्या!"

"तसं नाही आबा, रकाना आहे."

आईपर्यंत पोचेस्तोवर ती पदराने डोळे पुसत होती. तेवढ्यात साताऱ्याहून बायकोचा फोन. "आपण वेगळे होतोय म्हणे? मला कधी सांगणार होतात?" वहिनींनी तिला खडसावून विचारलं होतं. शहाण्या माणसाने इथे सगळं उलगडून सांगितलं असतं. मी म्हणालो, "चाचणी पूर्ण होईपर्यंत मला काही बोलता येत नाही." आणि शेजाऱ्यांकडे निघालो!

दुपारी परत आलो, तर घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी अंथरलेली. तिच्यावर शेजारच्या गावचे माझे मामा, गावातली दोन जाणती माणसं, आणि मामांच्या मांडीवर जमीन मोजायचा भलामोठा टेप.

"बस," मामा म्हणाले. "कवापासनं चाललंय ह्ये?"

"सकाळपासून. आणखी सहा घरं झाली."

"भायेर बी बोभाटा केलास?"

मी तोंड उघडणार, इतक्यात दादा उठला. "मामा, टेप सोडू नगा. हिरीकडचं ह्येला द्या. नोकरीचा माणूस, पाण्यामागं रोज कुटं धावंल? मला माळाकडचं चालंल. पर आबांच्या म्होरं भांडान नगं."

एवढं बोलून तो खाली बसला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. माझा चौथा नियम तिथेच मोडला. लाज वाटली आणि मी जवळजवळ ओरडलोच, "अरे दादा, वाटणी कसली! हे पाण्याचं सर्वेक्षण आहे! मी छापायच्या आधी तुमच्यावर तपासून बघत होतो!"

आबांनी हात पुढे करून कागद मागितले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून शांतपणे वाचायला घेतलं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"ह्यात पाणी कवा येतं?"

"सतराव्या प्रश्नात."

"आन तवर घर फुटतंय!"

आई रडता रडताच हसायला लागली. दादाने माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की माझ्या सकाळपासूनच्या सगळ्या चुकांची एका फटक्यात वसुली झाली. वाईट वाटलं ते फक्त मामांना. "म्हंजी वाटणी न्हाईच? द्राक्षबागंला औषध मारायचं टाकून आलोय की रं!" टेप फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी सोपा मोजून घेतला.

मला मात्र इतकं हलकं वाटत होतं, की वहिनींनी दिलेल्या तिसऱ्या भाकरीलाही मी नाही म्हटलं नाही. हाच कागद सोमवारी छापून गावोगाव गेला असता, तर किती घरांत किती मामा टेप घेऊन आले असते, या विचाराने अंगावर काटा आला.

"वर पैलं लिव्ह," आबा म्हणाले, "तू कोण, कशापायी इचारतोस. पाणी फुडं घे. आन चोरून नगं, सगळ्यांम्होरं इचार."

मी तिथेच दुरुस्ती केली, बायकोला फोन करून सगळं सांगितलं (तिने "बरं" एवढंच म्हणून फोन ठेवला, त्याचं उत्तर साताऱ्यात मिळायचं होतं), आणि सगळ्यांना एकत्र बसवून प्रश्नावली नव्याने भरायला घेतली. आता कुठेच अडलं नाही. शेवटचा प्रश्न राहिला: कुटुंबातील सर्वांत सुशिक्षित व्यक्ती कोण?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात एम.ए. झालेला मी एकटाच. मी जरा ताठ बसलो आणि पेनाचं टोपण काढलं.

आबा म्हणाले, "थांब. तेवढं पेन्सिलीनं लिव्ह."