पुसलेला टिळा

ऑफिसला जाता जाता मुलगी मला इथल्या, परदेशातल्या अर्विंगच्या देवळात सोडते. बाहेरच्या बाकावरून तो रोज दिसायचा. पस्तिशीचा, फोनवरच्या बोलण्यावरून नागपूरकडचा वाटणारा, गळ्यात ऑफिसचा बॅज. गुरुजींपुढे वाकून कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावून घ्यायचा. मग गाडीत बसून, आरशात बघत, ओल्या टिश्यूने खसाखसा पुसायचा. तेही देवळाच्याच दारात!

एकदा मला राहवलं नाही. काच खालीच होती. म्हटलं, "अहो, पुसायचाच तर लावून कशाला घेता?"

तो चिडला नाही. "काका, गुरुजींना नाही म्हणवत नाही. आणि ठेवला ना, की मीटिंगमध्ये सगळे माझ्या कपाळाशीच बोलतात. परवा एकाने विचारलं, रक्त येतंय का?"

उपदेश माझ्या जिभेवर तयार होता. पण गावी टिळा लावायला मला कधी हिंमत लागली नव्हती.

त्याने पुन्हा आरशात पाहिलं. कुंकवाचा कणही उरला नव्हता. पण रोज घासून घासून कपाळ नेमकं तिथेच लाल झालं होतं. त्याने खिशातून छोटी डबी काढली आणि त्यावर पावडर लावली.