वेबसाइटचं गाऱ्हाणं

मान खाली घालायचे प्रसंग सहसा माणूस विसरतो. माझे मात्र साठत चाललेत, कारण वेब डेव्हलपमेंट शिकायला कणकवलीला जातो तिथे रोज नवा घडतो.

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाचं शिक्षण विचारलं. सगळे पदवीवाले. मी नववीत शाळा सोडून बाबांबरोबर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला लागलो होतो. हे इथे कुणाला कळू नये एवढंच मनात होतं. म्हणालो, "कॉमर्स."

शेजारच्या सायलीने हळूच विचारलं, "खंयच्या कॉलेजात?"

"बंद झाला ता."

ती बिचारी हळहळली.

* * *

मग प्रत्येकाने स्वतःची ओळख सांगणारं वेबपेज करायचं होतं. 'शिक्षण' या मथळ्याखाली काय लिहू सुचेना. सरांचं नमुन्याचं पेज उतरवून घेतलं आणि वर फक्त माझं नाव घातलं.

सरांनी ते मोठ्या पडद्यावर उघडलं. "रंग छान निवडलेस. पण एमएस्सी तू कधी केलीस? आणि हा फोटो माझ्या लग्नातला आहे."

* * *

पुढे घरच्या दोन खोल्यांच्या होमस्टेची वेबसाइट केली. आईने फोटो बघितले. "बरे इलेत रे. पण दोरयेवर तुझी लाल चड्डी सुकता हा."

फोटो बदलायच्या आत पुण्याहून फोन आला. "ती लाल चड्डीवाली खोली रिकामी आहे का?"

बाबा अदबीने म्हणाले, "आहे ना. तुम्ही येईपर्यंत चड्डी सुकेल."

* * *

पहिलं गिऱ्हाईक आलं म्हणून बाबांनी वेबसाइटचं उद्घाटन ठरवलं, आणि मला न विचारता सरांना फोन करून अख्खा क्लास जेवायला बोलावला. मी वाडीतल्या एकेकाला गाठून विनवलं, माझ्या शाळेचा विषय काढू नका. सगळे हो म्हणाले.

लॅपटॉप पाटावर ठेवला, पुढे नारळ. देवाला गाऱ्हाणं घालायला वाडीतले म्हातारे तात्या उभे राहिले. त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. तात्यांच्या प्रत्येक मागणीला होकार द्यायला सगळ्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या झिलान कम्पुटरार दुकान मांडल्यान हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नववीत शाळा सोडल्यान. गणितात तर भोपळो होतो. तरी ह्या शिकल्यासवरल्यांच्या पंगतीक बसलो हा. तेका सांभाळून घे, रे म्हाराजा!"

मी लॅपटॉपकडेच बघत राहिलो.

मग मागून सायलीचा आवाज आला, सगळ्यांच्या आधी.

"व्हय म्हाराजा!"